हातभर अंतरावरचं स्टूल

मित्रांनो, मी एक जुनं स्टूल आहे. बाभळीचं, चार पायांचं, पाठ नसलेलं. पुंजाराम सुतारानं मला घडवलं, शेवटचा रंधा मारला आणि माझ्यावरून तळहात फिरवून तो म्हणाला, "कुनाचं लुगडं अडकाया नको." तेव्हा मला वाटलं, आपल्यावर कुणीतरी बसणार.

नगरच्या कापडबाजारात एक मोठं भांडार होतं. साबणापासून शालूपर्यंत सगळं एका छपराखाली. तिथं साड्या विकायला बायका ठेवल्या, तेव्हा सुरुवातीला लोक साड्या सोडून त्यांनाच बघायला यायचे. त्या बायकांच्या मागे, भिंतीशी माझी जागा होती. पण बसायला नव्हे. वरच्या फळीवरची साडी काढायची, तर माझ्यावर चढायचं. एवढंच माझं काम. भांडाराचे व्यवस्थापक भाऊसाहेब म्हणायचे, "बसलेल्या बाईकडून गिऱ्हाईक साडी घेत नाही." मग सकाळी दहापासून दिवे लागेपर्यंत बायका उभ्या. पाय सुजायचे. मी मागे रिकामं.

बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डीकडची साळू कामाला लागली. तिचा नवरा दुष्काळी कामावर खडी फोडत होता. तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या विमलबाईंनी आठ दिवसांतच ओळखलं.

"साळू, कितवा गं?"

"पाचवा. ताई, कुनाला सांगू नका. कळलं तर घरी बसवतील. सातवा लागेपर्यंत तरी राहू द्या. गावाकडं प्यायला पानी न्हाई."

"मी कशाला सांगू? पदर सैल घे जरा. आन त्या पोराला सांग, दिवाळीच्या गर्दीत लाथा मारू नको म्हनावं. भाऊसाहेबाला दिसतील."

साळू तोंडावर पदर धरून हसली. तिचं ते हसणं मला फार आवडायचं.

विमलबाईंना मूल नव्हतं. त्या कापडाचे मऊ तुकडे पिशवीत जमवू लागल्या. बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही शिवत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. तरी दुपारी गिऱ्हाईक कमी झालं, की त्या उभ्या-उभ्याच दुपट्याला टाके घालायच्या.

"येवढी घाई, ताई?"

"मला न्हाई गं धीर निघत."

दिवाळीआधीचा शनिवार आला. पाय ठेवायला जागा नव्हती. साळू दिवसभर माझ्यावर चढत होती, उतरत होती. तिच्या पायांची थरथर माझ्या लाकडात उतरायची. चारच्या सुमाराला ती म्हणाली, "ताई, कंबर लई भरून आली. जराशी टेकू का?" तिनं मागे हात केला. तिची बोटं माझ्या कडेला लागली. इतक्यात भाऊसाहेब पुढ्यात. "या बाईंना हिरवं इरकली लुगडं दाखवा. ते वरचं."

साळूनं बोटं काढून घेतली आणि ती माझ्यावर चढली.

दुसऱ्या दिवशी तिचं बाळ पोटातच गेलं.

बाराव्या दिवशी ती कामावर आली. लोकांच्या घरी त्या दिवशी बारसं असतं. विमलबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "माझ्यामुळं झालं गं. मीच आधी टाके घातले. कळत हुतं मला, तरी घातले."

मग विमलबाईंनी काय केलं, ठाऊक आहे? समोर गिऱ्हाईक होतं, भाऊसाहेब बघत होते. तरी त्यांनी मला पायानं पुढे ओढलं, पिशवीतलं अर्धवट दुपटं काढून माझ्यावर अंथरलं आणि म्हणाल्या, "बस."

भाऊसाहेबांनी मान फिरवली.

साळूनं दुपट्यावरून हात फिरवला. अगदी सावकाश. "आता कशाला, ताई?" म्हणाली, आणि उभीच राहिली.

आता माझा एक पाय डुगडुगतो, म्हणून मला मागच्या खोलीत टाकलं आहे. विमलबाई कधी खोकी न्यायला येतात आणि माझ्याकडे बघून पुटपुटतात, "माझे टाके." मला तोंड असतं तर सांगितलं असतं, टाक्यांचा दोष नाही हो, बाई. मी हातभर अंतरावर होतं, आणि रिकामं होतं.

मित्रांनो, आईचं बोट धरून तुम्ही दुकानात जाल. समोरची बाई सकाळपासून उभी असेल. तिला म्हणा, "मावशी, बसा. आम्हाला घाई नाही." ती मागे हात करेपर्यंत थांबू नका. आधीच म्हणा.