गेना होडीवालीची पहिली आवृत्ती

मी एक जुनी ऐतिहासिक कादंबरी आहे. माझ्या हजार प्रती एकाच आठवड्यात छापल्या गेल्या, त्यांतली मी एक. कागद हलका, पुठ्ठा पातळ आणि मुखपृष्ठावर वल्हं धरून उभी असलेली एक बाई. ती बाई म्हणजे गेना, डॅन्यूब नदीवरची होडीवाली.

मित्रांनो, मला लिहिणारा स्विलेन शाळेत इतिहास शिकवायचा. माझ्यासाठी त्याने सहा वर्षं जुनी कागदपत्रं वाचली. तुर्की अमलाविरुद्ध बंड करणारे कसले बूट घालायचे, प्रवासात कुठला पाव बांधून न्यायचे, नदीला पूर कोणत्या महिन्यात यायचा, हे सगळं त्याने शोधून काढलं. माझ्यातली ही माहिती आजही कोणी खोटी ठरवलेली नाही.

गेनाबद्दल मात्र त्याला एकच ओळ सापडली होती. ‘पाच बंडखोर होडीवाली गेना हिच्या झोपडीत पकडले.’ पुढे काही नाही. कादंबरीला तर पुढचं लागतं. म्हणून स्विलेनने लिहिलं, की होडी चालवण्याचा परवाना मिळावा म्हणून गेनानेच त्या पाच जणांना पकडून दिलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी मेलेल्या बाईला आता काय फरक पडणार, असं त्याला वाटलं.

छापून झाल्यावर मला परीक्षणासाठी ब्रोदेन गावातल्या पेन्चोआजोबांकडे पाठवलं गेलं. ते निवृत्त मुद्रितशोधक होते आणि जिल्ह्याच्या साप्ताहिकात पुस्तकांवर लिहायचे. हातात पेन्सिल घेऊन त्यांनी मला दोन दिवसांत संपवलं. गेना बंडखोरांना पकडून देते त्या दोनशे चौदाव्या पानावर त्यांनी समासात लिहिलं, ‘वा!’ पुढच्या अंकात त्यांचं परीक्षण आलं. ‘हा प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो. लेखक त्या झोपडीत हजर होता की काय, असं वाटतं.’ मला फार अभिमान वाटला. मग त्यांनी मला गावच्या वाचनालयाला भेट दिलं. तिथल्या ग्रंथपाल दाफिनाबाईंनी माझ्यावर शिक्का मारला आणि पहिल्याच वर्षी एकेचाळीस जणांनी मला घरी नेलं. कोणीतरी साठाव्या पानावर आलुबुखारचा मुरंबाही सांडला.

गेनाची झोपडी याच ब्रोदेनच्या काठावर होती आणि तिची पणती वेलिकाआजी अजून गावात राहत होती. वय एकाहत्तर. बाजारात ती भाजलेल्या मिरच्यांच्या बरण्या विकायची. तिने मला वाचलं नव्हतं, पण गिऱ्हाइकांनी वाचलं होतं. शेजारचा मासेवाला रोज म्हणायचा, “वेलिका, मी कुठे राहतो ते कोणाला सांगू नकोस हं! तुमच्या घराण्याचा भरवसा नाही.”

पहिल्या दिवशी ती स्वतःही हसली. मग एके दुपारी तिची नात येलित्सा शाळेतून रडत आली. वर्गातली मुलं तिला ‘पकडून देणारी’ म्हणू लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वेलिकाआजी वाचनालयात आली आणि मला घेऊन गेली.

भिंग धरून तिने मला अकरा दिवस वाचलं. इतकं सावकाश मला त्याआधी कोणी वाचलं नव्हतं. दोनशे चौदाव्या पानावर पेन्चोआजोबांच्या ‘वा!’खाली तिने एकच शब्द लिहिला, ‘कशावरून?’ मग मला पिशवीत घालून ती त्यांच्या अंगणात गेली. दोघं एकाच वर्गात शिकलेले.

“पेन्चो, हे ‘वा’ तुझंच ना? शाळेतही असंच वाकडं लिहायचास.”

“माझंच. अगं, प्रसंग काय सुंदर लिहिलाय!”

“सुंदर आहे ते मलाही दिसतंय. खरा आहे का?”

“कादंबरी आहे वेलिका. त्यात कल्पना असायचीच.”

“मग नावही कल्पनेतलं घ्यायचं. पाव खरा, बूट खरे, झोपडी खरी, नाव खरं. मधलं तेवढं रचलेलं आहे, हे वाचणाऱ्याने कसं ओळखायचं?”

पेन्चोआजोबा उठले. ते मला घेऊन थेट चर्चमध्ये गेले. पाद्रीबाबांनी मृत्यूंची जुनी वही काढून दिली. त्यात, त्या पाच जणांना पकडल्यानंतर आठ दिवसांनी केलेली एक नोंद होती. ‘गेना, होडीवाली, वय चौतीस. प्रेत ठाण्यातून आणले. दोन्ही हातांची बोटे मोडलेली.’

पेन्चोआजोबांनी ती ओळ दोनदा वाचली. “परवाना मिळालेल्या बाईची बोटं कोण कशाला मोडेल?” ते पुटपुटले. “हे मी तेव्हाच बघायला हवं होतं.”

“तुम्ही विचारलंच नाहीत,” पाद्रीबाबा म्हणाले.

त्या आठवड्यात पेन्चोआजोबांनी माझ्यावर दुसरं परीक्षण लिहिलं. ‘पहिल्या वेळी मी हे पुस्तक वाचलं, पण तपासलं नाही. चूक लेखकाची आहे आणि तितकीच माझी.’ वहीतली नोंद त्यांनी जशीच्या तशी छापली.

स्विलेन सकाळच्या बसने तणतणतच वाचनालयात आला. “मला खोटारडा ठरवता काय?” दाफिनाबाईंनी मला त्याच्या हातात दिलं आणि वेलिकाआजीला निरोप धाडला. खिडकीशी उभा राहून त्याने ते पान उघडलं. ‘कशावरून?’ हा शब्द त्याने वाचला. मग चर्चमध्ये जाऊन वही बघून आला. तोवर वेलिकाआजी येऊन बसली होती.

“आजी, मी चुकलो,” तो म्हणाला. “नवी आवृत्ती काढतो. त्यात गेना सगळा छळ सोसते, पण एकाचंही नाव सांगत नाही. गाव तिचा पुतळा उभारील, बघा.”

“तू ठाण्यात होतास?”

“नाही.”

“मग पुन्हा तेच करतोयस की. बोलली असेल ती. बोटं मोडल्यावर मीसुद्धा बोलले असते. नसेलही बोलली. मला माहीत नाही, तुला माहीत नाही. एवढंच लिहिता येतं का तुला?”

“ते फार अवघड आहे, आजी.”

“भाजलेल्या मिरच्या सोलणंही अवघडच असतं, पोरा. हात भाजतात. बस आणि कर.”

त्याला दोन वर्षं लागली. नव्या आवृत्तीत पाच जण पकडले जातात, गेनाला नेतात आणि ठाण्याचं दार बंद होतं. पुढच्या प्रकरणात काठावर कपडे धुणाऱ्या बायका तिच्याबद्दल बोलतात आणि प्रत्येकीचं म्हणणं वेगळं. शेवटी दोन पानांत स्विलेनने सांगितलं, की काय सापडलं आणि काय मनानं रचलं. पेन्चोआजोबांनी लिहिलं, की पहिली आवृत्ती जास्त रंगली होती, ही जास्त दिवस मनात राहते. मला वाईट वाटलं, पण ते खरं होतं.

मासेवाल्याने माफी मागितली नाही. त्याने टोमणे बंद केले आणि एक दिवस येलित्सासाठी मोठा मासा बांधून दिला. वेलिकाआजीने तो घेतला.

नवी प्रत आल्यावर दाफिनाबाईंनी मला रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलं. माझी पाठ उसवली होती, पानं सुटली होती. वेलिकाआजीने ते पाहिलं.

“ही कुठे चालली?”

“रद्दीत, मावशी. चुकीची आवृत्ती ना ही. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल.”

“मुळीच नाही. ही गेली तर उद्या म्हणतील, असं कोणी लिहिलंच नव्हतं. आण इकडे.”

तिने मला घरी नेलं, जाड सुती कापडाची पट्टी लावून पाठ शिवली आणि चार दिवसांनी परत आणलं. तेव्हापासून मी नव्या आवृत्तीच्या शेजारी उभी आहे. पेन्चोआजोबा आता नाहीत, वेलिकाआजीही नाही. मला वर्षातून एखादाच वाचक काढतो. दोनशे चौदाव्या पानाची मला अजून लाज वाटते, पण ते फाडून टाकावं असं वाटत नाही.

मित्रांनो, जुन्या पुस्तकांना जपा, चुकलेल्यांनाही. आणि कधी तुम्ही जुन्या काळाची गोष्ट लिहायला बसलात, किंवा तिचं कौतुक करायला बसलात, तर ज्याच्या माथी काही मारायचं असेल त्याच्या गावी आधी जाऊन या. मेलेलं माणूस उठून ‘अहो, असं नव्हतं’ म्हणत नाही. गेनाच्या बाजूने विचारायला वेलिकाआजी होती. प्रत्येकाच्या मागे कोणी असतंच असं नाही.