फोडणी गार होईपर्यंत

"आई, आता एका दिवसात होतं," क्षितिजने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "वुडलँड्सहून सीमेपलीकडे जोहोर बारू पाच मिनिटं. तिथून नवी गाडी, तासाभरात क्लुआंग. संध्याकाळी पाचची परतीची. रात्री जेवायला बिशानला घरी!"

जसं काही मी त्याच्याकडे तक्रार घेऊन गेले होते की प्रवास फार लांब होतो म्हणून.

गेली त्रेचाळीस वर्षं मी मे महिन्यात सीमेपलीकडे क्लुआंगला माझ्या मैत्रिणीकडे, योगिनीकडे, लोणचं घालायला जाते. तिचे यजमान पामतेलाच्या कारखान्यात, माझे जहाजावर. तेव्हा गाडी आमच्या बाजूच्या तांजोंग पगार स्टेशनाहून सुटायची. एकच रूळ, समोरून गाडी यायची असली की आमची रबराच्या झाडांत उभी. कधी चार तास, कधी पाच. इतकं करून पोचलेल्या बाईला त्याच दिवशी परत जा असं कोण म्हणणार? पहिल्या दिवशी कैऱ्या चिरून मीठ-हळद लावायची, दुसऱ्या दिवशी मसाला आणि फोडणी, तिसऱ्या दिवशी बरणी घेऊन परत. मधल्या दोन रात्री आमच्या दोघींच्या.

यंदाचं शेवटचं. पुढच्या महिन्यात योगिनी कायमची नाशिकला लेकीकडे चालली आहे. मला निदान एक रात्र हवी होती. क्षितिजची रजा मात्र एकाच दिवसाची, आणि मला एकटीला तो सोडायला तयार नव्हता.

पाच मिनिटांच्या गाडीसाठी त्याने मला पहाटे पाचला उठवलं आणि तासभर आधी नेऊन बसवलं. नव्या गाडीत तो दर स्टेशनला घड्याळ बघत होता. "बघ, एक मिनिट आधीच आलो!"

"मग त्या मिनिटाचं काय करू या?" मी विचारलं. त्याने हेडफोन लावले.

माझा भरवसा कैऱ्यांवर होता. मीठ लावल्यावर त्यांना रात्रभर ठेवावंच लागतं. तिथे त्याचा मोबाइल काय करणार?

योगिनीच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं, तर समोर पातेलंभर कैरी चिरून, मीठ लावून, खाली खार सुटलेला.

"कालच करून ठेवलं गं, जयू," ती म्हणाली. "तुझी गाडी चुकायला नको."

"एवढी घाई झाली तुला मला घालवायची?"

"मला? तुझ्या लेकाने फोन केला होता. आईला पाचची गाडी आहे, मावशी, सगळं तयार ठेवा म्हणाला. मला वाटलं, तुलाच आता इथे राहवत नाही."

"मी म्हटलं होतं असं?"

"तू नाही म्हणालीस, पण येताना पिशवी तरी कुठे आणलीस कपड्यांची?"

पिशवी क्षितिजने निघताना बिशानच्या दारातच काढून ठेवली होती, आणि मी ठेवू दिली होती.

जेवलो. मग मोहरी फेसली, मेथी तळून कुटली, तिखट घातलं. सव्वाचारला बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला. क्षितिज दारात आला. "झालं का? आई, चप्पल घाल."

योगिनीने माझ्याकडे पाहिलं. मग फडताळातून मोठी कढई काढली, गॅसवर ठेवली आणि तेलाचा अख्खा डबा तिच्यात ओतला.

"मावशी, हे काय आता?"

"फोडणी. पूर्ण गार झाल्याशिवाय लोणच्यावर घालता येत नाही रे. बुरशी येते. तुझ्या आईला विचार."

"किती वेळ लागतो गार व्हायला?"

"एवढ्या तेलाला?" मी खुर्ची ओढून बसले. "तू हो पुढे. मी उद्या येते."

"पण तिकीट, आई... आणि तू एकटी..."

"तिकीट मोबाइलवर निघतं म्हणालास ना? उद्याचं काढ. सकाळचं नको."

टॅक्सीचा हॉर्न पुन्हा वाजला. योगिनीने कपाटातून तिचा धुतलेला गाऊन आणून माझ्या मांडीवर टाकला.