मागचा आला

जीप आमच्या दारात आली ती स्वतःच्या चाकांवर नव्हे, एका ट्रकच्या पाठीवर बसून. लष्कराने लिलावात काढलेली. बॉनेटखाली पाखरांनी घरटं केलेलं, सीटच्या जागी नुसते सांगाडे, आणि पत्र्याला बोट लावलं तर बोट आत जाईल असा गंज. मी कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिले.

"अहो, भंगारवाल्याचं दुकान पुढच्या गल्लीत आहे," मी म्हटलं.

आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते ट्रकमागे उभे राहून "हळू, अरे हळू" करत होते. बाजूला माझा थोरला भाऊ, दादा, हात पुढे करून जीपचा मडगार्ड चाचपत होता.

"कशी आहे रे?" ह्यांनी त्याला विचारलं.

"आपल्यासारखीच," दादा म्हणाला. "हाडं शाबूत, कातडं गेलं."

हे दोघं लष्करात एकाच तुकडीत ड्रायव्हर होते. ताफा निघाला की गाड्यांच्या जोड्या लावत. ह्यांच्या जोडीत हे कायम पुढे आणि दादा कायम मागे. म्हणून तिथे ह्यांना पुढारी म्हणत आणि दादाला शेपूट. दादानेच ह्यांना सुट्टीत घरी आणलं आणि माझ्या गळ्यात बांधलं. तेव्हापासून मी त्यांच्या हकिगती ऐकत आलेय, स्वयंपाक करता करता, अर्ध्या कानाने. त्यातली एक मात्र पाठ झाली होती. मुक्कामाला पोचलं की पुढच्याने इंजिन बंद करायचं नाही. मागचा चालत यायचा, पुढच्या गाडीच्या बॉनेटवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "मागचा आला." मग पुढचा म्हणणार, "गाड्या बंद." तेव्हा कुठे प्रवास संपला. मागचा आला नाही, तर पुढचा पोचलाच नाही, असा त्यांचा कायदा.

आता दादाला काचबिंदू झाला होता. डोळे बाजूंनी खात खात आजार मध्यापर्यंत आला होता. नळीतून बघावं तेवढं समोरचं दिसे, बाकी सगळा अंधार. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून स्पष्ट सांगितलं होतं. पण सांगणार कोणाला? सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आपल्या छोट्या गाडीची किल्ली तो सदऱ्याच्या खिशात ठेवायचा, रात्री उशीखाली. आणि एक दिवस वहिनी रडत आमच्याकडे आली. दादाच्या गाडीच्या आरशाने रस्त्याकडेच्या एका बाईची पिशवी ओढली होती. बाई पडली, खरचटण्यावर भागलं. दादाला ती दिसलीच नव्हती.

"आज पिशवी गेली, उद्या कुणाचं पोर जाईल," वहिनी म्हणाली. "वन्सं, तुम्ही काहीतरी करा हो."

मी दादाला फाडफाड बोलले. काही उपयोग झाला नाही. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि आठवड्याभरात दारात हे धूड आलं. मग ह्यांनी दादासमोर अट घातली. "ही आपण दोघं उभी करू. झाली की तू एकदा चालव, मोकळ्या मैदानात, पोटभर. त्यानंतर तुझ्या गाडीची किल्ली वहिनीच्या हातात. तोवर गाडीला हात लावायचा नाही. कबूल?"

दादाने मडगार्डवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "आंधळा मागतो एक डोळा, पुढारी देतो जीप. कबूल."

दादाने शब्द पाळला. रोज चालत यायचा, मागच्या शेडमध्ये स्टुलावर बसायचा आणि रॉकेलच्या डब्यात बुडवलेले नट-बोल्ट एकेक करून घासायचा. व्हॉल्व्ह बसवताना पेस्ट लावून हाताने घोळवायचा, कान लावायचा, "अजून खरखरतंय" म्हणायचा. ब्रेकचे ड्रम उघडले, गिअरबॉक्स उतरवला, चढवला. शेड धुराने भरून इंजिन एकदाचं धडधडलं तेव्हा दोघं म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत नाचायचे बाकी राहिले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, धुराने असेल.

त्यानंतर मात्र काम पुढे सरकेना. दादा रोज नवी खोट काढायचा. क्लच जड आहे. स्प्रिंग कुरकुरते. मडगार्ड पुन्हा घासायला हवा. हे नुसते "हो, हो" करायचे आणि पुन्हा पाना हातात घ्यायचे. घासलेलंच घासायचं. कुणाच्या मनात काय चाललंय हे कळायला ज्योतिषी लागत नव्हता. पण किल्ली दादाच्या उशीखाली असेतो वहिनीला रात्रीची झोप नव्हती, तिचं काय?

म्हणून दोघं डोळे तपासायला दवाखान्यात गेले तशी मी रंगाऱ्याला बोलावलं. हिरवा रंग शेडमध्ये तयारच पडला होता. "आजच्या आज सगळी संपव," मी म्हटलं. "पुन्हा कुणाला घासायला जागा ठेवू नकोस."

रंगारी सरपटत गाडीखाली गेला आणि तिथून ओरडला, "बाई, मागच्या आसाच्या गोळ्यावर पांढरा रंग आहे. ठेवू का?"

"चुन्याचा हात पुसला असेल कुणी. मार हिरवा!"

संध्याकाळी हे आले, गाडीभोवती एक फेरी मारली. रागावतील वाटलं होतं. पण म्हणाले, "झाली म्हणायची." त्यांची पाठ धरलेली, खाली वाकून बघणं त्यांना जमत नव्हतं. दादाने बोट लावून रंग वाळल्याची खात्री केली आणि म्हणाला, "घाई झाली होती का गं तुला?"

रविवारी दुपार कलल्यावर आम्ही वीटभट्टीमागच्या मैदानात गेलो. दादा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला होता. जीपच्या स्टिअरिंगवर बसला, गिअर टाकला, निघाला. थोडंसं गेला आणि उजवीकडच्या विटांच्या ढिगावर चाक चढवलं. मागे घेतली, पुन्हा निघाला, आणि वहिनी उभी होती तिकडेच वळला. हे ओरडले, वहिनी बाजूला पळाली. दादाने ब्रेक दाबला. तो उतरून आमच्याकडे आला.

"मोकळ्यात नजर कुठे धरू तेच कळत नाही," तो म्हणाला. "संपलं माझं."

असा शेवट व्हायला नको होता. डोळे होते तोवर माझ्या भावाने कुणाला साधं खरचटू दिलं नव्हतं, आणि आज जाता जाता स्वतःच्या बायकोवर गाडी घातली, हे मनात घेऊन तो उरलेले दिवस अंधारात काढणार? मला रडू फुटलं. हे मात्र विचार करत उभे होते.

"शेपटा, तुला कुणी सांगितलं पुढे व्हायला?" ते एकदम म्हणाले. "तू तुझी छोटी गाडी घे. मी जीप घेऊन पुढे होतो. गोळ्यावर नजर ठेव."

दादाचा चेहरा उजळला. आणि मला कळेना कसला गोळा. मग ह्यांनी सांगितलं. रात्री ताफ्यात मोठे दिवे लावायचे नसतात. म्हणून प्रत्येक गाडीच्या मागच्या आसाच्या मधोमधचा लोखंडी गोळा पांढरा रंगवतात, त्यावर वरून एक छोटा दिवा सोडतात. मागच्याने तेवढा पांढरा ठिपका बघत रस्ता कापायचा. दादाने अर्धी नोकरी ह्यांचा ठिपका बघत काढली होती.

"तो मी हिरवा केला," मी म्हटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दोघांनी माझ्याकडे बघितलं, आणि दादा हसायला लागला. "पुढाऱ्याची बायको! नवऱ्याचा ठावठिकाणाच पुसून टाकला."

वहिनी जवळच्याच त्यांच्या घरी जाऊन खिडक्यांचा उरलेला पांढरा रंग घेऊन आली. ह्यांची पाठ वाकेना. तेव्हा दादाच इस्त्रीच्या सदऱ्यानिशी मातीत आडवा झाला आणि चाचपत जीपखाली शिरला. एका हाताने गोळा शोधला, दुसऱ्याने रंग फासला. बाहेर आला तेव्हा सदरा कामातून गेला होता. वहिनीने पदराने त्याच्या तोंडावरची माती पुसली.

ह्यांनी दादाच्या घरून छोटी गाडी आणून जीपमागे लावली, आणि दिवेलागणीला हे जीप घेऊन निघाले. जीपखाली छोटा दिवा लागला आणि ओला पांढरा गोळा चकाकला. मी दादाशेजारी बसले, हँडब्रेक मुठीत धरून, जीव मुठीत धरून.

"दिसतोय?" मी विचारलं.

"गप्प बस. दिसतोय."

मैदानाला वळसे पडू लागले. जीप वळली की दादा वळायचा, ती हळू झाली की हा हळू. अंतर जराही कमी-जास्त नाही. एकदा दादा थोडा भरकटला, तर जीप आपणहून मंदावली आणि गोळा पुन्हा त्याच्या समोर आला. हे आरशात बघत होते. माझा हात हँडब्रेकवरून कधी सुटला, मला कळलंच नाही. दादा बारीक आवाजात शीळ घालत होता. किती वर्षांनी ऐकली मी ती!

अंधार दाटला तशी जीप थांबली. दादाही थांबला. इंजिनं दोन्ही चालूच. तो उतरला, हाताने जीपचा पत्रा चाचपत पुढे गेला. मी मागोमाग गेले. त्याने बॉनेटवर थाप मारली.

"मागचा आला."

आता ह्यांनी बोलायचं. ह्यांचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ते समोर बघत राहिले. दादा हात बॉनेटवर ठेवून उभा.

"पुढारी, झोपलास का? बोल."

वहिनी तोंडाला पदर लावून उभी होती. शेवटी मीच म्हटलं, "गाड्या बंद, दादा."

दादाने मान हलवली. तसाच चाचपत मागे गेला, आपल्या गाडीचं इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि वहिनीच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटली. मग परत जीपपाशी आला. हे अजून तसेच बसले होते, हुंदके देत. दादाने आत हात घातला, त्यांच्या हातांखालून बटण शोधलं आणि पुढच्या गाडीचं इंजिनही त्यानेच बंद केलं.