अर्ध्या लोकरीचा कुरपाचा

मित्रांनो, मी एक जुना कुरपाचा आहे, आणि खरं सांगायचं तर सध्या अर्धाच आहे. कुरपाचा म्हणजे जमिनीवर अंथरायची लांबट, अरुंद गादी. आमच्या घरांत माणसं माझ्यावर बसून चहा पितात आणि रात्री माझ्यावरच आडवी होतात. सकाळी घडी घालून आमची चवड पेटीवर रचली की घर नीटनेटकं दिसतं. माझा वरचा कपडा लाल-जांभळ्या साटिनचा, खालचं अस्तर साधं सुती. माझी एक कड फार सुबक शिवलेली आहे. दुसरीकडे फार निरखून पाहू नका.

झरफशान नदीकाठच्या एका गावात, सनोबर-खालांच्या ओसरीवर मी जन्मलो. गावातली लहान-थोर सगळी त्यांना खालाच, म्हणजे मावशीच, म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणतो. घरात त्या, मुलगा सफरअली आणि मुलगी मेहरी. सफरअलीचं रशियाला बांधकामावर जायचं ठरलं आणि खालांनी मला करायला घेतलं. मेंढ्यांची लोकर त्यांनी नदीवर तीन पाण्यांनी धुतली, छपरावर वाळवली आणि तुतीच्या दोन काठ्यांनी झोडपून मोकळी केली. गुरुवारी मात्र त्या सुईला हात लावत नसत. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी तेल तापवून चार पुऱ्या तळायच्या, शेजारी वाटायच्या, हा त्यांचा नेम होता. शुक्रवारची नमाज झाली, मग बिस्मिल्ला म्हणून त्यांनी माझ्यात पहिला टाका घातला.

मदतीला शेजारची रईसा आली होती. लोकरीचा ढीग पाहून ती म्हणाली, "अगं सनोबर, पोराला झोपवायचंय की अंडी उबवायचीत?"

"तू गेलीयस का रशियाला? तिथं म्हणे थुंकलं तरी बर्फ होऊन पडतं."

"मग त्याला सांग, थुंकू नको!"

दोघी खूप हसल्या. पण रईसा घरी गेल्यावर खालांनी मला तळहाताने दाबून पाहिलं, आणि त्यांचं समाधान होईना. लोकर तर संपली होती. त्या उठल्या, आतून स्वतःची गादी घेऊन आल्या आणि तिची कड उसवू लागल्या. त्यांची कंबर कित्येक वर्षं धरलेली होती. त्या गादीतल्या लोकरीनेच तिला काय तो आराम मिळे. ती लोकर पिवळसर झाली होती, पण मऊ होती. ती सगळी त्यांनी माझ्या तळाशी पसरली आणि वर ती नवी पांढरी लोकर पुन्हा भरली.

मेहरीने हे पाहिलं. "आई, तुझ्या गादीत मग उरलं काय?"

"कापूस आहे की."

"त्याचा तर दगड झालाय."

"मेहरी, याच दाभणाने तोंड शिवून टाकीन हं. सफरला कळता कामा नये."

तेव्हापासून खालांच्या कमरेचा आराम माझ्या पोटात होता. ज्याच्यासाठी तो काढला, त्याला त्याचा पत्ता नव्हता. मला सगळं ठाऊक होतं, पण आम्हा अंथरुणांना तोंड कुठे असतं?

माझी वळकटी झाली. तीन दिवस आगगाडीत मी सफरअलीच्या डोक्याखाली होतो. मग व्होल्गा नदीकाठचं ते शहर आलं, आणि तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. तिथे आधीच सहा माणसं राहत होती. त्यांच्यातले थोरले नजर-अका; अका म्हणजे दादा. गिलाव्याचं काम करायचे आणि खोलीचा कारभारही पाहायचे. कुणी कुठे झोपायचं ते तेच ठरवत. ते काम सोपं नव्हतं. पाय किब्ल्याकडे, म्हणजे नमाजेच्या दिशेला, नकोत, डोकं दारात नको, आणि कुणाचाही कान त्यांच्या घोरण्याजवळ नको. सफरअलीला त्यांनी खिडकीखाली, गरम पाण्याच्या नळांच्या कडेला जागा दिली.

आणि मित्रांनो, खालांचा सगळा हिशेब तिथेच चुकला. बाहेर बर्फ होतं हे खरं. पण त्या देशात घरं आतून अशी तापवतात की तंदूर बरा. माझ्या पोटात जाडच्या जाड लोकर, शेजारी उकळता नळ! सफरअली रोज घामाने निथळत उठायचा. घरून फोन आला की खाला पहिलं हेच विचारत, "उबदार आहे ना रे?"

"आहे आई. खूप उबदार आहे." यात खोटं काही नव्हतं.

त्या दिवसांत माझं कौतुक मात्र फार झालं. तिथेही सकाळी सगळे घड्या घालून कोपऱ्यात चवड रचत, आणि मी दिसायला देखणा म्हणून सगळ्यात वर असे. घरमालकीण आली की माझ्या साटिनवरून हात फिरवून जायची. खोटं कशाला बोलू, मी जरा फुशारलो होतो.

जानेवारीत आठवा माणूस आला, एर्गाश. तो उझबेक, अंदिजानचा. त्याच्याजवळ वळकटी नव्हती. स्टेशनावर तो पाणी आणायला गेला आणि तेवढ्यात कुणीतरी ती उचलून नेली. शेवटी आलेल्याला दाराजवळची जागा, हा घरचाच रिवाज परक्या देशातही चालू होता. नळाची ऊब दारापर्यंत पोचत नसे, फटीतून मात्र वारा येई. एर्गाशने कुठूनसा फ्रिजचा रिकामा खोका मिळवला, फाडून पसरला आणि कोट पांघरून त्यावर झोपू लागला.

"एर्गाश कुठाय?" कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "फ्रिजमध्ये."

तोही हसायचा. पण रोज सकाळी उठताना तो आधी कुशीवर वळे, मग गुडघ्यावर येई, मग भिंतीला धरून उभा राही. तशा उठण्याची मला खालांमुळे चांगली ओळख होती.

एका रविवारी दुपारी सफरअलीने मला उलटं घातलं आणि माझी कड उसवायला सुरुवात केली. खोलीभर लोकर उडू लागली.

नजर-अका खोकत म्हणाले, "अरे, कोंबडी सोलतोयस की काय?"

"अका, तुमची ही खोली म्हणजे भट्टी आहे. मी रोज नान होऊन उठतो."

"मग नळापासून सरकून झोप की."

"सरकू कुठे? तुमच्या पोटावर?"

एर्गाशला मनसुबा कळला तसा तो उठून उभा राहिला. "मला नको. आईने केलेली वस्तू अशी फोडू नये."

"मला उकडतंय रे. तू घेतलंस तर माझ्यावरच उपकार होतील."

"आणि माझी आई म्हणेल, कुणाच्या आईचं घेतलंस?"

"तिला नाव सांग माझ्या आईचं. सनोबर. आता ते दाभण दे इकडे."

माझ्या जिवाची तेव्हा काय अवस्था झाली असेल, विचार करा. खालांनी कंबरेखालून काढून दिलेली लोकर परक्याच्या हाती जाणार! सफरअलीने हात घातला. आधी तळाची पिवळसर लोकर त्याच्या मुठीत आली. ती त्याने पाहिली, बोटांनी चोळली आणि परत आत ढकलली.

"ही जुनी दिसतेय," तो स्वतःशीच म्हणाला. "दुसऱ्याला द्यायचं तर जुनं कसं द्यायचं?"

आणि वरची नवी पांढरी लोकर त्याने सगळीच्या सगळी काढली. नजर-अकांनी आपली चादर दिली. ती दुमडून, लोकर भरून, तिघांनी मिळून एक कुरपाचा शिवला. टाके असे की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. पण संध्याकाळी एर्गाश त्यावर बसला, दोन्ही हात गादीवर टेकवले आणि म्हणाला, "अरे, ही तर श्वास घेते!" कुणीच त्याची थट्टा केली नाही.

मी चपटा झालो. चवडीत वरून खाली गेलो. घरमालकिणीचा हात आता माझ्यावरून फिरेना. साटिनवर चहाचा डाग पडला, तो तसाच राहिला. या गोष्टीचं मला वाईट वाटलं, पण फार नाही.

दीड वर्षाने सफरअली गावी परतला. खालांनी त्याचं कपाळ हुंगलं, चहा ओतला, नान मोडून पुढे ठेवला आणि वळकटी सोडून मला उचललं. त्या थांबल्या. खाली ठेवून पुन्हा उचललं.

"सफर-जान, यातली लोकर कुठे गेली?"

"दबली असेल, आई. दीड वर्ष झोपलोय त्यावर."

"लोकर दबते. हलकी होत नाही."

सफरअलीने चहाच्या वाटीत मान घातली. मेहरीला माझी ती दुसरी कड सापडली. "अगंबाई! हे टाके आहेत की कोंबडी चालून गेलीय?"

मग त्याला सांगावंच लागलं. "एर्गाश नावाचा एक आहे. त्याला अंथरूणच नव्हतं."

"का? आई नाही त्याला?"

"आहे. तिनेही दिलं होतं. स्टेशनावर चोरीला गेलं. तो तिला सांगतो, तुझ्याच गादीवर झोपतो म्हणून."

खाला म्हणाल्या, "बिचारी." मग विचारलं, "किती दिलीस?"

"अर्धी. नवी होती ती सगळी."

"जुनी नाही ना दिलीस?"

"आई, जुनी कशी देऊ?"

"हं. एवढं तरी शिकवलंय म्हणायचं मी."

बोलणं इथेच संपलं असतं. पण मेहरीला राहवेना. "आणि ती जुनी कुणाची, ते विचार की तिला."

"मेहरी!"

"नाही आई. दीड वर्ष शिवूनच होतं तोंड. दादा, ती तिच्या गादीतली आहे. जा, हात लावून बघ एकदा."

सफरअली आत गेला. आईच्या गादीवर त्याने हात दाबला. हात सरळ जमिनीला लागला.

बाहेर येऊन तो ओसरीच्या पायरीवर पाठ करून बसला. खाला मागून म्हणत राहिल्या, "अरे, मला काय धाड भरलीय? सवय झालीय. या वयात मऊ अंथरुणावर झोपच येत नाही." चहा गार झाला. मग तो उठला, मला उचलून आत नेलं आणि आईच्या गादीवर अंथरलं.

"अरे, साटिनचा आहे तो! पाहुणे आले तर काय घालू?"

"त्यांना माझ्या डोक्यावर बसव."

ते हिवाळ्याचे महिने मी खालांच्या खाली होतो. त्यांची लोकर त्यांना मिळाली होती. पण मला धास्ती वसंताची होती. सफरअलीला पुन्हा जायचं होतं, आणि खालांचा स्वभाव मला ठाऊक होता. झालंही तसंच. निघायच्या दिवशी सकाळीच त्यांनी मला गुंडाळून दोरी बांधली. सफरअलीने सोडली. त्यांनी पुन्हा बांधली. तिसऱ्यांदा तर दोघं दोन टोकांना धरून उभी होती, आणि माझा जीव मध्ये.

"तिथे कशावर झोपशील?"

"एर्गाशच्या गादीवर."

"एकीवर दोघं? म्हशी आहात तुम्ही."

"तो रात्री रखवालीला जातो आता. रात्री मी झोपेन, दिवसा तो. गादी कधी गारच पडणार नाही."

"आणि रविवारी?"

"रविवारी भांडू."

खालांना हसू आलं, आणि हसताना हातातलं टोक सुटलं. मग त्यांनी हुकूम सोडला, "लाव फोन त्या पोराला."

त्या फोनवर नेहमी ओरडूनच बोलतात. "बाळा, तुझ्या गादीचे टाके माझ्या मुलाचे आहेत. अजिबात भरवसा ठेवू नकोस. महिन्या-महिन्याला कडा बघत जा. उसवलं दिसलं की लगेच शीव."

"हो, खाला."

"आणि आईला खरं काय ते सांग. चार शब्द बोलेल, मग दुसरी गादी शिवायला बसेल. तिला बसू दे."

पलीकडून "सांगतो," एवढंच ऐकू आलं.

सफरअली गेला. जाताना फक्त एक उशी नेली, तीही खालांनी पिशवीत कोंबली म्हणून. मी इथे आहे आणि माझा अर्धा भाग व्होल्गेकाठी, दाराजवळच्या जागेत. तिथे दोन आयांची मुलं त्यावर पाळीपाळीने झोपतात. मी अर्धा आहे, पण अपुरा नाही.

मित्रांनो, आम्हा अंथरुणांच्या गरजा थोड्या असतात. आठवड्यातून एकदा ऊन दाखवा, बुटांनी तुडवू नका, टाका उसवला तर वेळेवर घाला. एवढं केलंत तर आम्ही तीन पिढ्या टिकतो. माझं आणखी एक मागणं आहे. परगावाहून कुणी राहायला आलं तर दाराजवळ तो कशावर झोपतो, ते पाहत जा. आणि उद्या सकाळी आपल्या अंथरुणाची घडी घातलीत की घरातल्या मोठ्या माणसाच्या अंथरुणावर एकदा हात दाबून बघा. विचारू नका, ती खरं सांगत नाहीत. हातच लावून बघा.