पाच मिनिटं हात थांबला तर

"पाच मिनिटं कुणाचा हात थांबला, तर मला त्याच क्षणी कळलं पाहिजे," घार म्हणाला. "टिंग करून वाजलं पाहिजे."

घार म्हणजे आमचा मॅनेजर. डोळे घारे नव्हते, पण दिवसभर बायकांच्या डोक्यांवर घिरट्या घालायचा म्हणून हे नाव. डॉक्टर रुग्ण तपासून झाल्यावर जे बोलून ठेवतात ते ऐकून टाइप करायचं, हे आमच्या कंपनीचं काम. हॉलमध्ये अठरा टायपिस्ट, कानांवर हेडफोन. त्या ज्या वेब ॲप्लिकेशनवर काम करायच्या ते सांभाळणारी प्रोग्रामर मी एकटीच.

"साहेब, डॉक्टर तोंडातल्या तोंडात बोलतात. मागे जाऊन ऐकावं लागतं. हात थांबणारच."

"तुझं मत मी मागितलं का?"

त्याने कागद पुढे सरकवला. 'प्रत्येक वापरकर्त्याची प्रत्येक हालचाल संबंधित व्यक्तीला तत्काळ कळावी.' खाली त्याची लफ्फेदार सही.

आता मी जबरदस्ती झाल्याचा आव आणणार नाही. नोटिफिकेशनचं काम मी चार दिवसांत केलं आणि मन लावून केलं. कोपऱ्यात छोटी घंटा, तिच्यावर लाल आकडा, क्लिक केलं की नाव, वेळ आणि किती मिनिटं गेली ते. घंटा जराशी हलावी यासाठी अर्धी दुपार घालवली. देखणी झाली होती मेली.

सोमवारी सुरू केलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत घारीच्या काचेच्या केबिनमध्ये एकतीस वेळा टिंग वाजलं. त्यातली नऊ माझ्या नणंदेची.

ताई, म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, आमच्याकडेच राहायची. त्या हॉलमध्ये तिची अकरा वर्षं झाली होती. माझी नोकरीही तिनेच शब्द टाकून मिळवून दिलेली. घार दारात उभा राहून सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडला, "नऊ वेळा? झोपा काढता का?"

ताईने हेडफोन काढला. "औषधाचा आकडा मी दोनदा ऐकते."

"बाकीच्या एकदाच ऐकतात."

"त्यांचं त्यांना विचारा."

कुणी मान वर केली नाही. पण नंतर मी चहा घ्यायला गेले तर तिथल्या तिघी कप तसेच ठेवून उठल्या. दुसऱ्या दिवसापासून मी जिन्यात दिसले की बोलणं बंद. एक जण तर मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "बाथरूमला जाऊ का गं, की आधी हिला अर्ज देऊ?"

घरीही तेच. जेवताना ताई मध्येच उठली आणि माठाकडे जाता जाता म्हणाली, "लिहून घे. पाणी प्यायला उठले. दीड मिनिट."

"ताई, मला सांगितलं ते मी केलं."

"हो ना. आणि काय सुबक केलंस! हलते म्हणे घंटा."

नवरा पोळी मोडत म्हणाला, "ऑफिसचं ऑफिसमध्ये ठेवा ना तुम्ही दोघी."

"तू गप्प बस," आम्ही दोघी एकदमच म्हणालो. त्या आठवड्यात आमचं एकमत झालं ते एवढंच.

नवव्या दिवशी नको ते घडलं. हॉलमध्ये डावरी म्हणून एक मुलगी होती, डाव्या हाताने लिहायची म्हणून डावरी. नोकरीला लागून तिला जेमतेम वर्ष झालेलं. तिने एका म्हाताऱ्या रुग्णाच्या औषधाचा डोस सातच्या जागी साठ टाइप केला. नर्सला शंका आली, तिने डॉक्टरांना विचारलं, म्हणून निभावलं. घारीने डावरीला केबिनमध्ये उभं केलं आणि दार मुद्दाम उघडं ठेवलं. "माणूस मेला असता तर? तू भरून दिलं असतंस?" ती नुसती ओढणीचं टोक पिळत राहिली.

बाहेर ताई माझ्या टेबलापाशी आली. तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तिला मागे जाऊन ऐकायचं होतं. सकाळपासून तीनदा टिंग झालं होतं म्हणून नाही गेली. बघ, तुझ्या कारागिरीचं फळ."

मी ॲप्लिकेशनचा लॉग उघडला. कोण कधी आत आलं, कुणी काय उघडलं, सगळं त्यात असतं. ताईला खोटं पाडता येईल असं काहीतरी मला हवं होतं, हे कबूल करते. तसं काही सापडलं नाही. डावरीची तीन टिंग होतीच. पण त्यांच्या अवतीभवती दुसरंच काहीतरी दिसलं. त्या दिवशी घारीने ॲप्लिकेशनमधलं तिच्या माहितीचं पान एकसष्ट वेळा उघडलं होतं. हात थांबलेला असताना नव्हे, ती टाइप करत असताना. आदल्या दिवशी चव्वेचाळीस. इतर कुणाचं पाच-सहाच्या वर नाही. तो तिचा फोटो मोठा करून पाहायचा, तिचा घरचा पत्ता असलेला भाग उघडायचा.

मी तो सहीचा कागद काढला. प्रत्येक वापरकर्त्याची. घारही वापरकर्ताच होता. संबंधित व्यक्ती म्हणजे जिचं पान उघडलं ती. संध्याकाळपर्यंत मी वीस-पंचवीस ओळी लिहिल्या आणि कुणालाही न विचारता चढवून टाकल्या.

सकाळी साडेनऊला हॉलमध्ये पहिलं टिंग वाजलं. 'मॅनेजर तुमचं पान पाहत आहेत.' मग दुसरं, तिसरं. ही घंटा टायपिस्टकडे वाजतेय याचा घारीला पत्ताच नव्हता. अकरापर्यंत एकट्या डावरीकडे चौदा झाली. पंधरावं वाजलं तेव्हा तिच्या शेजारणीने वाकून मोठ्याने वाचलं, "मॅनेजर तुमचा पत्ता पाहत आहेत." अठरा माना केबिनकडे वळल्या.

तो तीरासारखा बाहेर आला. "हे कुणी केलं?"

"मी," मी म्हणाले. "तुमच्याच कागदाप्रमाणे."

"नोकरी करायची आहे ना?"

"हिच्या पत्त्याशी तुमचं काय काम?" हे ताईने विचारलं. ती उभी राहिली होती. मग आणखी दोघी उभ्या राहिल्या. डावरी मात्र बसूनच होती, तोंड झाकून.

गलका ऐकून वरच्या मजल्यावरून मालकीणबाई उतरल्या. त्यांनी माझ्या खुर्चीवर बसून लॉग शेवटपर्यंत वाचला. मग घारीला म्हणाल्या, "तुमच्या वस्तू घ्या आणि जा." आणि माझ्याकडे वळून, "पहिली घंटाही तूच लावलीस ना? मला विचारलंस? दोन्ही बंद कर. महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे नोकरी बघ."

मला वाटलं होतं, घरी तरी ताई बरं बोलेल. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आता तरी?" मी म्हणाले.

"आता तरी काय? हार घालू? तुला त्या पोरीचं वाईट वाटलं, की सगळ्यांनी तोंड फिरवलं याचा राग आला?"

"दोन्ही."

"पहिल्या दिवशी काहीच नाही वाटलं?"

तिने पुढचा कपडा घडीला घेतला. तिने दोन गल्ल्या पलीकडे खोली बघून ठेवली होती, हे मला नवऱ्याकडून कळलं. डावरीने त्याच आठवड्यात नोकरी सोडली. मी तिला फोन केला तर तिच्या आईने उचलला आणि माझं नाव ऐकून ठेवून दिला.

रविवारी ताईचं सामान हलवलं. नवरा टेम्पोत भांडी लावत होता, म्हणून गादीचं एक टोक मी धरलं, दुसरं तिने. तीन मजले आम्ही तशाच उतरलो. शेवटच्या वळणावर ती थांबली.

"नीट धर," ती म्हणाली. "जमिनीला लागतेय."

मी टोक वर उचललं.