एकनाथरावांचा बुडबुडा

एकनाथरावांनी आयुष्यात फळ्यावर पेशी काढल्या असतील हजारो, पण पाहिली एकही नव्हती.

वर्ध्याजवळच्या एका शाळेत ते जन्मभर जीवशास्त्र शिकवत होते. शाळेत सूक्ष्मदर्शक नव्हता असं नाही. पण तो मुख्याध्यापकांच्या कपाटात, पेटीत, आणि पेटीला कुलूप. इन्स्पेक्शनच्या दिवशी तो टेबलावर येई आणि साहेबांचा चहा झाला की परत कपाटात जाई. एकनाथराव मात्र रंगीत खडूंनी फळ्यावर अशी पेशी काढत, की शेजारच्या वर्गावरचे मास्तर दारातून डोकावून जात. कौतुक झालं की एकनाथरावांना उगाच ओशाळल्यासारखं होई.

निवृत्तीनंतर, चौऱ्याऐंशी साली, ते मुलाकडे, गिरीशकडे अमेरिकेत बॉथेलला राहायला आले. सून नीला लॅब टेक्निशियन व्हायचं म्हणून जवळच्या कॉलेजात बायोलॉजी शिकत होती. वर्गात जागा रिकामी असली तर म्हाताऱ्यांना तिथे फुकट बसू देत.

"बाबा, चला ना. तुमचाच तर सब्जेक्ट आहे!"

"माझं इंग्रजी ऐकून हसतील गं लोक."

"मायक्रोस्कोपशी कुठे इंग्रजी बोलायचंय?"

त्यावर ते निघालेच. मरायच्या आधी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पेशी पाहायची, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कोणाला सांगितली मात्र नव्हती.

पहिलाच पाठ कांद्याचा. कांदा नीलानं घरूनच आणला होता. तिनं आतला पारदर्शक पापुद्रा अलगद सोडवून काचेच्या पट्टीवर पसरला, त्यावर आयोडीनचा थेंब टाकला. वरची पातळ काच ठेवायचा मान सासऱ्यांना दिला. त्यांनी ती फटकन ठेवली, पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि नळीला डोळा लावला.

आधी नुसता काळोख. मग काळ्या काड्या हलल्या. त्या त्यांच्या स्वतःच्याच पापण्या होत्या. मग एक गोल दिसला, जाड काळ्या काठाचा, आत रिकामा.

"दिसलं, बाबा?"

जन्मभर जे शिकवलं ते दिसत नाही, हे सुनेला कोणत्या तोंडानं सांगायचं?

"दिसलं तर!" म्हणत त्यांनी कागद ओढला. हात आपोआप चालू लागला. विटांसारख्या भिंती, बरोबर मध्यावर केंद्रक, सभोवती तंतुकणिका, पट्टीनं आखलेले बाण.

"अय्या, बाबा! पुस्तकातल्यापेक्षा छान!" नीला म्हणाली.

मिसेस हॅल्व्हर्सन, वर्गाच्या बाई, फिरत फिरत आल्या. त्यांनी चित्र पाहिलं, मग वाकून नळीत पाहिलं, मग परत चित्र पाहिलं.

"फार सुरेख," त्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. "पण यातलं इथे काय काय दिसलं तुम्हाला? कारण तंतुकणिका या मायक्रोस्कोपमधून मलासुद्धा कधी दिसलेल्या नाहीत."

एकनाथरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाईंनी एक कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला. "दिसेल तेच काढा. काही नाही दिसलं तर कागद कोराच द्या." आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

"नीला," ते हळूच म्हणाले, "मला काही दिसलंच नव्हतं गं."

"मग दिसलं कशाला म्हणालात?"

"सवयीनं."

पळून जावंसं वाटत होतं. पण पेशी अजून पाहायची राहिलीच होती. त्यांनी पुन्हा डोळा लावला आणि जे होतं ते काढलं: एक काळ्या काठाचा गोल आणि त्यावर कंगव्याच्या दात्यांसारख्या पापण्या. इतकं बावळट चित्र त्यांच्या हातून आजवर उतरलं नव्हतं.

बाई परत आल्या, चित्र पाहून खळखळून हसल्या. "एअर बबल! आणि या तुमच्या पापण्या. हे निरीक्षण झालं! आता हवा आत जाऊ देऊ नका. काच तिरकी धरा, हळू टेकवा."

"बाबा, कढईत पुरी सोडतो ना, कडेनं, तश्शी," नीला म्हणाली.

ते त्यांना बरोबर समजलं. बायको गेल्यावर ते हातानंच रांधून खात होते. नवा पापुद्रा, नवा थेंब. काच कडेनं टेकली, अलगद निजली. नीलानं बाजूचं चाक जरासं फिरवलं.

आणि धुक्यातून विटा वर आल्या. पिवळसर, ओल्या, कुठे दुमडलेल्या, कुठे फाटलेल्या. एकीसारखी दुसरी नाही. केंद्रक होतं, पण मध्यावर नव्हतं. बुजऱ्या पाहुण्यासारखं ते भिंतीला टेकून बसलं होतं.

"बाबा, सरका ना, मलाही बघू द्या."

"थांब जरा."

"माझी परीक्षा आहे हो, तुमची नाही!"

"थांब म्हटलं ना!" इतक्या मोठ्यानं ते अमेरिकेत आल्यापासून बोललेच नव्हते. चार माना वळल्या, पण त्यांनी डोळा काढला नाही.

परतताना नीला गाडी चालवत होती.

"नीला."

"हं?"

"ते खरंच असतं गं."

तिला स्टिअरिंगवर हसू आवरेना. "अहो, मग इतकी वर्षं शिकवत काय होतात?"

"ऐकीव," ते म्हणाले, आणि तेही हसले. मग थोड्या वेळानं, सहज विचारल्यासारखं, "पुढच्या आठवड्यात काय आहे?"

"गालाच्या आतल्या पेशी. आपल्या आपणच काढून बघायच्या."

एकनाथराव खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांची जीभ मात्र हळूच गालाच्या आतून फिरत होती.