बाहीवरचे ठसे

बाजारातल्या दुमजली इमारतीच्या वरच्या दालनात त्या दिवशी मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. जिन्यावर माणसं, खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसं. मधोमध लाकडी चौथऱ्यावर गोदामातला हमाल उभा होता. शंभर किलोचं पोतं एका खांद्यावर घेऊन जिना चढणारा गडी. उजवा हात त्याने खांद्याच्या रेषेत आडवा धरला होता आणि डाव्या मुठीत काळ्या कापडाची एक लहान थैली होती. थैलीवरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : बटाटा.

दंड दाबून कुठलं अन्न सोसतं ते सांगणाऱ्या दंडबुवांनी वाटीतली पांढरी भुकटी बोटांना लावली. हमालाच्या आडव्या हातावर दोन बोटं ठेवली आणि सहज दाबली. हात धपकन खाली आला.

दालनभर सुस्कारा उमटला.

"पाहिलंत?" बुवा म्हणाले. "हा माणूस लहानपणापासून बटाटा खातोय. शत्रूला रोज घरी जेवायला बोलावतोय, आणि वर विचारतोय, बुवा, माझे गुडघे का दुखतात. अहो, जीभ खोटं बोलते. जीभ ही पोटाची सवत आहे. पण दंड? दंड कधी खोटं बोलत नाही."

मग त्यांनी हमालाच्या मुठीत दुसरी थैली दिली. तिच्यावर लिहिलं होतं : मित्रसत्त्व. "आता लावा ताकद," असं बजावून बुवांनी अख्खी मूठ हमालाच्या हातावर टेकवली आणि अंगाचा भार टाकला. हात लोखंडी कांबीसारखा जागच्या जागी. हमाल स्वतःच्या हाताकडे परक्यासारखा बघत राहिला.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या धाकटीने हातातलं गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं. गाठोड्यात दोनशे काळ्या थैल्या होत्या. बुवांनी दिलेले जिन्नस भरून, चिठ्ठ्या लावून त्या तिनेच शिवल्या होत्या. बाजाराच्या टोकाला तिचं शिवणाचं दुकान होतं, आणि गेले पाच महिने बुवांच्या थैल्यांचं काम तिच्याकडेच होतं. समोर, पहिल्या रांगेत, तिची थोरली बहीण हात जोडून बसली होती.

थोरली बेकरीत कामाला होती. वीस वर्षं पहाटे उठून पीठ मळायचं, पाव भाजायचे, आणि भट्टीतला पहिला पाव फोडून उभ्याउभ्याच खायचा, हा तिचा शिरस्ता. दोन वर्षांपूर्वी तिचं पोट फुगायला लागलं, दुपारनंतर अंग गळायला लागलं. दवाखान्यात रांग मोठी, म्हणून ती बुवांच्या रांगेत बसली. तिथं पहिल्याच दिवशी गव्हाची थैली मुठीत येताच तिचा हात पडला.

त्या दिवसापासून गहू बंद. मग दूध बंद. मग भात, अंडी, मासे, शेंगदाणे, संत्री. दर आठवड्याला बुवा नवा शत्रू शोधून काढायचे. शेवटी थोरलीच्या ताटात उकडलेला भोपळा उरला आणि दिवसातून तीनदा पाण्यात कालवलेलं मित्रसत्त्व. बुवांच्याच डब्यातलं, अर्थात. त्याला मात्र दंड कधी नाही म्हणाला नाही.

धाकटीला हे कळलं ते मापाच्या फितीवरून. गिऱ्हाइकांची मापं ती एका वहीत लिहून ठेवायची. थोरलीचा गडद निळा कोट कमरेत आत घ्यायला आला, तेव्हा माप चार बोटं कमी भरलं. महिन्याभराने पुन्हा आला. तिसऱ्यांदा कोट आला तेव्हा धाकटीने बहिणीच्या दंडाभोवती फीत फिरवली, तर दंड निम्माच उरला होता.

"ताई, तू आरशात बघतेस का कधी?"

"हलकं वाटतंय मला," थोरली म्हणाली. "घाण बाहेर पडतेय, बुवा म्हणाले. आधी अशक्तपणा येतो, मग शक्ती येते."

"पोट फुगायचं थांबलं का?"

थोरलीने दंडावरची फीत काढून टाकली. "थांबेल," ती म्हणाली.

कोट उलटा करताना धाकटीला उजव्या बाहीवर पांढरे ठसे दिसले. बुवांच्या भुकटीचे. निळ्या कापडावर ते अगदी स्पष्ट उठले होते. कोपराजवळ एक मोठा ठसा, पूर्ण मुठीचा. बाकीचे सगळे मनगटाजवळ, दोन-दोन बोटांचे.

"काल काय काय तपासलं?" तिने विचारलं.

"सात थैल्या. सहा शत्रू निघाले. मित्र एकच, सत्त्व."

धाकटीने ठसे मोजले. मनगटाजवळ सहा, कोपराजवळ एक. कापडावर रोज हात चालवणारी ती. खुणा वाचणं हाच तिचा धंदा. तिने बहिणीला ते दाखवलं.

थोरलीने कोट ओढून घेतला. "तू शिंपीण आहेस, वैद्य नाहीस. एक माणूस माझ्यासाठी धडपडतोय, त्याच्यातही तुला खोट दिसते."

धाकटी गप्प बसली. पुढे आयुष्यभर तिने स्वतःला जे विचारलं ते हेच : तेव्हा का गप्प बसलीस? बहिणीचं मन दुखावेल म्हणून, हे एक कारण होतं. थैल्यांचं बसल्या जागी मिळणारं काम, हे दुसरं. दुसरं कारण तिने बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर नवव्या दिवशी थोरली भट्टीसमोर उभी असताना चक्कर येऊन पुढे पडली. उजवा हात भट्टीच्या तोंडाशी गेला. मालकाने तिला ओढून काढेपर्यंत कोपरापासून बोटांपर्यंतची कातडी गेली होती.

इस्पितळातली डॉक्टरबाई थोराड, कमी बोलणारी. तिने थोरलीचं रक्त तपासलं, वजन केलं, मग धाकटीला बाहेर बोलावलं.

"भाजलंय ते भरेल, पण बोटं पूर्वीसारखी वळणार नाहीत. त्याहून वाईट म्हणजे ही बाई उपाशी आहे. महिनोन्महिने. घरात खायला नाही का?"

"आहे," धाकटी म्हणाली. "पाव भाजते ती." आणि तिने मान खाली घालून सगळं सांगितलं. ठशांचंही.

डॉक्टरबाईने तिला खोलीच्या दाराशी नेलं. "हे दार ढकल. इथून, कडीजवळून." दार बोटाने सरकलं. "आता इथून, बिजागरीजवळून." धाकटीने तळहात टेकून जोर लावला. दार कसंबसं हललं.

"हातही दारच आहे. खांदा ही त्याची बिजागरी. मनगटावर दोन बोटं पुरतात, कोपराजवळ पहिलवानही लटकला तरी हात पडत नाही. शिवाय सत्त्वाच्या वेळी तो आधी सांगतो, ताकद लावा. शत्रूच्या वेळी सांगतो का?"

"नाही. बोलता बोलताच दाबतो."

मग डॉक्टरबाईने सत्त्वाचा डबा मागवला, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि डबा तपासायला पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं. दुधाची पावडर, साखर, थोडा पिवळा रंग. ज्या दुधाला बुवांनी शत्रू ठरवलं होतं, तेच तीन वेळा थोरलीच्या पोटात जात होतं.

धाकटीने त्या आठवड्यात बारा थैल्या शिवल्या. त्याच कापडाच्या, तशाच टाक्यांच्या. नेहमीसारख्या चिठ्ठ्या लावल्या आणि गाठोड्यात सगळ्यांत वर ठेवल्या. सभेच्या दिवशी तिने गाठोडं बुवांच्या हातात दिलं आणि स्वतःच चौथऱ्यावर चढली.

"आज माझा दंड बघा," ती म्हणाली.

बुवा खूश झाले. आजारी बहिणीची बहीण शरण आली, याहून चांगली जाहिरात कुठली? गहू : हात पडला. अंडी : पडला. दूध : पडला. "बघा मंडळी, घराण्यातच शत्रू भरलेत," बुवा म्हणाले. मित्रसत्त्व : हात ताठ. दालनात टाळ्या पडल्या.

धाकटीने कमरेची कात्री काढली. गव्हाची थैली कापली. आतून लाकडाचा भुसा पडला. अंड्याची कापली, भुसा. दुधाची कापली, भुसा. शेवटी मित्रसत्त्वाची कापली, आणि चौथऱ्यावर भुशाचा चौथा ढीग झाला.

"बाराही थैल्यांत हेच आहे," ती म्हणाली. "सुताराकडून आणलाय. बुवांना चिठ्ठी वाचता येते, एवढंच सिद्ध झालं."

"अविश्वासाने कंपनं बिघडतात," बुवा घाईने म्हणाले. "ही बाई मनात विष घेऊन आलीय."

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिने हमालाला हात आडवा धरायला सांगितला. मुठीत काहीच दिलं नाही. कोपराजवळ ती दोन्ही हातांनी लटकली, हात हलला नाही. मग मनगटावर दोन बोटं ठेवून तिने विचारलं, "दादा, गुडघे कसे आहेत?" आणि तो उत्तर द्यायला तोंड उघडतो तोच दाबलं. हात पडला.

हमालाने पुन्हा एकदा करून बघायला सांगितलं. मग शेजाऱ्याचा हात धरून त्याने स्वतः करून पाहिलं. थोड्या वेळात दालनभर माणसं एकमेकांचे हात दाबत होती. कुणी हसत नव्हतं. एक बाई खाली बसून रडत होती. तिने वर्षभर आपल्या लेकीला अंडं दिलं नव्हतं.

बुवा मागच्या जिन्याने गेले ते परत दिसले नाहीत.

पण सगळं संपलं नाही. घड्याळं दुरुस्त करणारे काका पहिल्यापासून बुवांचे भक्त. ते दुसऱ्या दिवशी धाकटीच्या दुकानात आले. "पोरी, तू त्यांना फसवलंस. फसवणाऱ्याचं मी का ऐकू?" घरात त्यांनी सत्त्वाचे डबे साठवले होते, आणि तेवढ्यावरच ते जगत होते. धाकटी दोनदा त्यांच्या दारात गेली, डॉक्टरबाईलाही घेऊन गेली. काकांनी दार उघडलं नाही. थंडी संपता संपता ते गेले. त्यांना शेवटचा कोट घालायचा म्हणून मुलगी माप विचारायला आली. धाकटीने वही उघडली आणि मिटली. त्यातलं माप आता कामाचं नव्हतं.

थोरलीचं सावरणं फार हळू झालं. उपाशी शरीराला एकदम पोटभर दिलं तर हृदय दगा देतं, म्हणून डॉक्टरबाईने पहिले काही दिवस चमच्याचमच्याने मोजून अन्न दिलं. मग एकेक पदार्थ परत आणायचा, तीन दिवस खायचा, पोट काय म्हणतं ते लिहायचं. भात आला, पोट शांत. अंडी आली, शांत. पाव समोर ठेवला तेव्हा थोरलीने तो डाव्या हाताने दोनदा उचलून खाली ठेवला. खाल्ला, आणि काहीच झालं नाही. दूध आलं आणि तासाभरात पोट नगाऱ्यासारखं फुगलं.

"म्हणजे एवढंच होतं?" थोरलीने विचारलं. "नुसतं दूध?"

"एवढंच," डॉक्टरबाई म्हणाली. "दही चालतंय का ते पुढच्या आठवड्यात बघू. आणि लिहून आण, काय आवडलं तेही. आवडत नाही ते अन्न माणूस फार दिवस खात नाही."

थोरली भट्टीवर परत गेली नाही. पीठ मळायला दोन हात लागतात. ती आता बेकरीच्या खिडकीत बसून पाव विकते, आणि वजन पूर्वीइतकं कधीच झालं नाही.

अजूनही कुणीतरी दुकानात येऊन दबक्या आवाजात विचारतं, बुवा हल्ली कुठे असतात, पोटाचा त्रास आहे. धाकटी यंत्र थांबवते आणि सांगते : "प्रत्येकाचं पोट वेगळं, हे खरं आहे. तुम्हाला काय सोसतं ते तुमचं तुम्हालाच शोधावं लागेल. डॉक्टरकडे जा, खाऊन बघा, लिहून ठेवा, धीर धरा. वेळ लागेल. पण कुणी एका मिनिटात तुमचं अन्न तोडायला निघाला, तर त्याला आधी डोळे बांधून तेच करून दाखवायला सांगा. मी वेळेवर सांगितलं नाही. नऊ दिवस गप्प बसले."